पुढचा माणूस

चौकात गाड्या तुंबल्या म्हणून रिक्षा थांबली, त्याच वेळी वाऱ्यानं निळी ताडपत्री वर उचलली आणि कल्याणला चबुतऱ्यावर स्वतःचं तोंड दिसलं. आरशातलं तोंड कसं, आपण बघायला गेलो की तेही बघायला येतं. हे तसं नव्हतं. हे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. ते स्टेशनाच्या दिशेला, बियाण्याच्या कंपन्यांच्या पाट्यांवरून कुठंतरी लांब बघत होतं, मोठ्या माणसांनी बघायचं असतं तसं. डोक्यावर टोपी होती, मिशी त्याच्यापेक्षा दाट होती, गळ्यापर्यंत बंद कोट होता. पण नाकाचा डावीकडे कललेला शेंडा, खालच्या ओठाखालची खाच, एक कान दुसऱ्याहून थोडा पुढं, हे सगळं त्याचं होतं. रोज सकाळी दाढी करताना हाताखालून गेलेलं. ताडपत्री पुन्हा खाली बसली, तिच्यावरची दोरी फडफडत राहिली. रिक्षावाला आरशातून एकदा चबुतऱ्याकडे आणि एकदा मागं बघत म्हणाला, "काका, बिलकुल तुमच्यावानी दिसून राह्यलं की हो. तुमच्या घरातलं हाये का कुणी?" कल्याण म्हणाला, "आजोबा." "मंग बराबर हाये," रिक्षावाला म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला. कल्याणला सांगायचं होतं की बराबर कसं असेल, आजोबांचं तोंड कसं होतं हे आम्हालाच नीट आठवत नाही. पण तोवर रिक्षा बँकेच्या कोपऱ्यावरून वळली होती, आणि रिक्षावाल्याला असलं काही सांगून उपयोग नसतो.

घरी आल्याआल्या त्यानं भारतला फोन लावला. भारत म्हणजे चुलतभावाचा मुलगा, स्मारक समितीचा अध्यक्ष, आणि ज्याला प्रत्येक कामात थोडी घाई आणि थोडी हौस असते अशातला. तो फोनवर हसायलाच लागला. "काका, सरप्राइज ठेवलं व्हतं हो तुम्हाला. अण्णांचा एक बी फोटो न्हाई. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी तुमच्या तृप्तीच्या लग्नातला तुमचा फोटो दिला पाठवून कारागिराला. सगळे जुने लोक म्हणतेत, कल्याण म्हणजे सही सही कारभारीअण्णा. टोपी घातली, मिशी वाढवली, झालं." कल्याण म्हणाला, "मला इचारायचं तरी रे." "इचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणले असते," भारत म्हणाला, आणि हे मात्र खरं होतं. "आता मुक्तिदिनाला, सतरा सप्टेंबरला, अनावरण. तुम्हीच बोलायचं. अन् ती तेरवीची गोष्ट सांगायची, लोकांना लई आवडते." कल्याणनं फोन ठेवला. त्याची बायको वंदना स्वयंपाकघरातून बाहेर आली होती आणि पदराला हात पुसत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "अहो, म्हणजे तुमच्या तोंडाला हार घालतील?" जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालत नाहीत हे तिला सांगावं लागलं नव्हतं, तसंच त्यालाही. तिनं देवापुढचा दिवा सारखा केला आणि पुन्हा आत गेली.

कारभारीअण्णांचा फोटो नव्हता तो काही हरवला म्हणून नव्हे. अण्णांनी काढूच दिला नव्हता. घनसावंगीच्या पलीकडं गोदाकाठच्या गावात जन्मलेला हा माणूस हैदराबाद संस्थानाच्या काळात भूमिगत होता, वऱ्हाडातल्या छावणीतून इकडं यायचा, रात्री संस्थानाला दारूचा कर मिळवून देणारी शिंदीची झाडं तोडायची, जकातीचे नाके जाळायचे, आणि दिवसा गावोगावच्या माणसांना बसवून सांगायचं की आपण हिंदी संघराज्यात का गेलं पाहिजे. लोकांना संस्थान म्हणजे काय हे पाठ होतं. संघराज्य म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. अण्णा त्यांना जेवणावरून सांगायचे. संस्थान म्हणजे घरधन्याच्या मर्जीनं वाढलेलं ताट, आणि संघराज्य म्हणजे पंगत: सगळे एका ओळीत, वाढणारा सगळ्यांना सारखंच वाढणार, आणि कुणी कुणाच्या आधी उठणार नाही. 'संघराज्य म्हणजे एक पंगत' हे वाक्य आता चबुतऱ्यावर काळ्या दगडात कोरलेलं होतं. पुढं संस्थान गेलं, मराठवाडा आधी हैदराबाद राज्यात राहिला, मग महाराष्ट्रात आला, अण्णांनी त्या सगळ्यासाठी भाषणं केली, सभा घेतल्या. पण फोटोवाला दिसला की ते उठून जायचे, किंवा उपरणं तोंडावर घ्यायचे. एकदा मुंबईहून कुणी पत्रकार आला होता. तेव्हा कल्याण शाळेत होता आणि दारात उभा होता. अण्णा त्या पत्रकाराला शांतपणे म्हणाले होते, "माझं तोंड गोदाकाठी जळालं, साहेब. आता कशाचा फोटो काढता?" पत्रकार हसला, कारण त्याला ती गोष्ट ठाऊक होती. अण्णा हसले नाहीत. ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

गोष्ट सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होती. कल्याणनं स्वतः ती शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सांगून बक्षीस मिळवलं होतं. त्या पावसाळ्यात, संस्थान पडायच्या थोडं आधी, श्रावणात, अण्णा छावणीवरून गावाकडे यायला निघाले होते. कुणीतरी खबर दिली. नदीच्या वाटेवर शिपाई दबा धरून बसले, एक माणूस येताना दिसला, गोळी घातली, आणि चावडीपुढं आणून टाकला. अण्णांची बायको तुळजाबाई आली, तिनं प्रेत पाहिलं आणि टाहो फोडला. गावानं प्रेत जाळलं, राख गोदावरीत सोडली, तेरवी घातली. आणि अण्णा इकडं ताप अंगात घेऊन कडब्याच्या गंजीत लपलेले! शिपायांनी फाईल बंद केली. आपल्याच तेरवीची लापशी अण्णांनी गंजीत बसून खाल्ली. आणि संस्थान पडल्यावर, दिल्लीचं सैन्य येऊन गेल्यावर, हा मेलेला माणूस वाजतगाजत गावात आला. इथं टाळ्या पडायच्याच. कल्याणही इथं थोडा थांबायचा, बाईंनी शिकवल्याप्रमाणे. मेलेला माणूस कोण होता, असं त्या काळात कुणी विचारलं नाही. गोष्टीत तो 'कुणी एक वाटसरू' होता. अण्णांनी ती गोष्ट म्हणे एकदाच सांगितली, जालन्यातल्या विलीनीकरणाच्या सभेत. माणसं पोट धरून हसत असताना त्यांना गर्दीच्या कडेला एक बाई उभी दिसली, कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, आणि अण्णा मधेच खाली बसले. त्यानंतर ते कुणाच्या लग्नात पंगतीला बसले नाहीत. सगळी माणसं उठली की अंगणाच्या कडेला जाऊन बसायचे आणि तिथं वाढून घ्यायचे. लोक म्हणायचे, काय साधेपणा आहे बघा.

ती बाई म्हणजे पुष्पाबाई, तातेरावची बायको. कल्याणला हे तुळजाबाईंनी सांगितलं, फार उशिरा, अण्णा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, नवीन जालन्यातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये दुपारच्या वेळी. वंदना शाळेत शिकवायला गेलेली असायची, मुलगी तृप्ती कॉलेजात, आणि म्हातारी बाल्कनीतल्या खुर्चीवर मान खाली घालून बसलेली असायची. शेवटच्या वर्षी तिला सकाळचं जेवण आठवत नव्हतं, पण हे आठवत होतं. कल्याण तेव्हा दुपारी जेवायला घरी यायचा. बियाण्याच्या कंपनीच्या शेतात दिवसभर कापसाच्या ओळींतून फिरून, वाणात मिसळलेली जातीबाहेरची झाडं उपटायची, हे त्याचं काम. डोळे थकलेले असायचे, आणि म्हातारी बोलायला लागली की त्याला वाटायचं, झोपच आली तर बरं. "तातेराव अण्णांच्या पुढं जायचा," ती म्हणायची. "छावणीवरून निघायचं तर आधी तो. वाट बघून यायचा, मंग अण्णा. तो पुढचा माणूस व्हता. म्हारवाड्यातला, निरोप्याचं काम त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या. त्या दिवशी बी पुढं गेल्ता." म्हणजे वाटसरू वगैरे काही नव्हतं. खबर बरोबर होती, वाट बरोबर होती, फक्त पुढं तातेराव होता, आणि गोळीचा आवाज ऐकून अण्णा आडवाटेनं घरी पोचले होते. कल्याणनं ताटातला भात चिवडत विचारलं होतं, "अन् तू कसं ओळखलं न्हाई?" गाव बाहेर असंच सांगायचं, आणि अण्णांचं तोंड कधी जवळून न पाहिलेल्या पुष्पाबाईलाही अण्णा परतल्यावर गावानं तसंच समजावलं होतं, की तातेराव आणि अण्णा सारखेच दिसायचे, बाई घाबरली, चुकी झाली. म्हातारीनं मान वर केली. "कोण म्हणतं वळखलं न्हाई?"

ती सांगायची तेव्हा तिचा आवाज चढत नसे. प्रेत बैलगाडीत होतं, खाली पोतं, वर काही नाही. पाऊस भुरभुर पडत होता. एक शिपाई तिला म्हणाला, "देख बाई, यही है ना तुम्हारा मर्द?" गाव मागं उभं होतं आणि सगळ्यांना कळलं होतं की हा तातेराव आहे. घरामागं गंजीत अण्णा कण्हत होते. ती 'न्हाई' म्हणाली असती तर शिपाई घर उलथून काढणार होते. "मी घाई केली न्हाई," ती म्हणायची. "मी बराबर बघितलं त्याच्याकडं. नवऱ्याचं तोंड मी कधी तेवढं बघितलं न्हाई, आमच्यात बघायची पद्धतच नव्हती. त्याचं बघितलं. डाव्या भिवईवर वण व्हता, भिवई तिथं तुटली व्हती. कानात तांब्याची तार. हनुवटीला मधी खळी. पुढचे दोन दात जरा दूर दूर. तोंड उघडं व्हतं, काई तरी सांगाया निघाल्यावानी. अन् पापण्या रे, पापण्या एवढ्या लांब, पोरीवानी. त्यावर पाण्याचे थेंब बसले व्हते. अण्णासारखं त्यात काहीच नव्हतं. काहीच." मग तिनं गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर दोन्ही हात आपटले आणि बांगड्या फोडल्या. "टाहो फोडला म्हणतेत ना? तो खरा व्हता. पर कुणासाठी व्हता ते मला बी सांगता येत न्हाई." गर्दीच्या मागं पुष्पाबाई उभी होती, पोटुशी, हातात घागर. तिला ओरडता येत नव्हतं. ती ओरडली असती तर सगळं फुटलं असतं. तुळजाबाईंनी कपाळ पुसलं आणि त्या दोघींची नजर एकदा भेटली, तेवढीच. ज्याची सावली अंगावर पडू देत नव्हते त्याला त्या दिवशी गावानं खांदा दिला, अण्णांच्या धाकट्या भावानं अग्नी दिला. तेरवीला पंगत बसली ती अण्णांच्या नावानं, तातेरावची. पुष्पाबाईला अंगणाच्या कडेला, सगळे उठल्यावर वाढलं. हे सांगून झालं की म्हातारी बाल्कनीतून खाली बघत बसायची. मरायच्या आदल्या आठवड्यात ती अण्णांचं नाव विसरली होती, पण ते तोंड पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून गेली.

आता ते तोंड कल्याणकडे होतं. मागितलं नव्हतं, पण घरातली जुनी भांडी जशी आपोआप कुणाच्या तरी वाट्याला येतात तसं आलं होतं. इतकी वर्षं ते निमूट पडून होतं. पुतळा दिसल्यापासून मात्र ते उठून बसलं. सकाळी दाढी करताना आरशात आधी स्वतःचं तोंड दिसायचं, मग त्यावर टोपी आणि जाड मिशी यायची, आणि त्याच्या मागून कुणीतरी पुढं येऊ बघतंय असं वाटायचं, ज्याच्या भिवईत खाच आहे. त्यानं चौकातून जायचं सोडलं. रिक्षावाल्याला लांबून, गोदामांच्या मागून घ्यायला सांगायचा. रिक्षावाले कुरकुरायचे, खर्चा वाढतो म्हणायचे. ऑफिसात माणसं थट्टा करत होती, "साहेब, जितेपणी पुतळा झाला, आता काय पाहिजे?" तो हसायचा, कारण न हसून चालत नव्हतं. एकदा शेतात ओळीतून चालताना एक जातीबाहेरचं झाड दिसलं, पान अगदी वेगळं, लांबून कळावं असं. त्यानं हात घातला आणि उपटलं नाही. शेजारच्या मजुरणीनं विचारलं, "काय झालं साहेब?" तो म्हणाला, काही नाही. त्याला भीती वाटत होती, हे साधं सांगायचं तर. कशाची, ते सांगता आलं नसतं. भुताची म्हणावं तर त्याचा भुतांवर विश्वास नव्हता, आणि तातेरावनं कधी काही मागितलं नव्हतं.

मागणारी आली ती वेगळी. शनिवारी तो घरी आला तेव्हा वंदना दारातच म्हणाली, "अंबडहून एक बाई येऊन गेल्या. दैवशालाबाई नाव सांगितलं. म्हाताऱ्या आहेत, बसनं एकट्या आल्या होत्या. पाणी घेतलं, चहा घ्यायलाच तयार नव्हत्या, मी बळंच पाजला." "काय पाहिजे होतं?" वंदनानं त्याच्याकडे न बघता ताट मांडलं. तिला ही गोष्ट कल्याणनं लग्नानंतर कधीतरी सांगितली होती, अर्धी. "त्यांचे वडील त्या जन्मायच्या आधीच गेले. तातेराव. त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं, तुझा बाप अन् कारभारीअण्णा एकसारखे दिसायचे, इतके की खुद्द बायको फसली. त्यांनी पेपरात वाचलं की अण्णांचा पुतळा झालाय." तिनं ताटात भात वाढला. "अहो, त्या विचारत होत्या, पुतळा बघायला आलं तर चालंल का म्हणून. म्हणाल्या, बापाचं तोंड एकदा बघून घेते, आता माझं बी वय झालं." कल्याणनं घास तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. वंदना म्हणाली, "मी या म्हणाले. काय म्हणणार होते मी?" त्यानंतर दोघंही जेवले आणि टीव्ही लावला, बातम्या बघितल्या, आणि बातम्यांत काय होतं ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही.

त्याला दोन्ही बाजूंनी विचार करता येत होता आणि त्यातच त्याचे दिवस गेले. ती येईल, पुतळा बघेल, म्हणेल हा माझा बाप. मग काय बिघडलं? तिला एक तोंड मिळेल. तिच्या बापाचं तोंड असं नव्हतं हे फक्त कल्याणला माहीत. पुतळ्याचं तर अण्णांचंही नाही, तृप्तीच्या लग्नात जिलबी वाढणाऱ्या कल्याणचं आहे. ती अंबडला परत जाईल आणि सुखानं मरेल. आणि नाही म्हणायचं तर सगळं सांगावं लागणार. तुळजाबाई फसली नव्हती, तिनं ओळखलं होतं, बघून, नीट बघून, दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला आपला म्हटलं होतं. आणि तुझ्या आईला जे समजावलं ते खोटं होतं. गावाचं खोटं, अण्णांचं खोटं, आणि आता या घरात उरलेलं शेवटचं. हे सांगितलं तर दैवशालाबाईचा बाप तिच्या हातून दुसऱ्यांदा काढून घेतल्यासारखं होणार. पण त्याच वेळी तेच तोंड, खरं तोंड, त्याच्याकडे होतं आणि जगात दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. ते तिला द्यायचं तर खोट्यातून उचलूनच द्यावं लागणार होतं. वंदना रात्री कूस बदलत म्हणाली, "तुम्ही अण्णांना घाबरता का अजून?" तो म्हणाला, "न्हाई. मी आजीला घाबरतो." आणि त्याला जाणवलं की हे खरं आहे, आजीनं ते तोंड त्याला दिलं होतं, पण पुढं कुणाला द्यायचं हे सांगितलं नव्हतं.

सतरा सप्टेंबरला सकाळी जिल्ह्याचं झेंडावंदन आटोपून माणसं चौकात यायला लागली. भारतनं मांडव घातला होता, खुर्च्या लावल्या होत्या, शाळेची मुलं पांढऱ्या गणवेशात उन्हात उभी होती. ताडपत्री काढून तिथं भगवं कापड टाकलं होतं. वारा होताच, कापड तोंडाला चिकटत होतं आणि खालचं नाक उठून दिसत होतं, आणि कल्याणला आपलंच नाक हातानं चाचपून बघावंसं वाटलं. माइकवाला हॅलो हॅलो करत होता. चबुतऱ्याच्या पायरीवर, मांडवाच्या कडेला, एक म्हातारी बसली होती. निळसर सुती लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी ती पायरीवर होती. कल्याण जवळ गेला. तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे बघतच राहिली. तिचे ओठ हलले. "अगं माय," ती हळू म्हणाली, "तुम्हीच कल्याणसाहेब का? मला वाटलं..." तिनं हात पुढं केला आणि लाजून मागं घेतला. "मावशी, खुर्चीवर बसा," तो म्हणाला. "इथं बरं हाये, साहेब. जवळून दिसंल. अन् तुम्ही बी दिसले. माझी माय म्हणायची तसंच. बाई चुकली तिचा काय दोष, म्हणायची. घाबरली बिचारी, अन् दिसायला एकच की दोघं बी. मरस्तवर माया केली तिनं तुमच्या आजीची. अन् कुंकू न्हाई पुसलं. लोक म्हणले, आता तरी पूस. तर म्हणायची, दुसरीच्या नावानं जाळला तो माझा कसा? माझा अजून वाटंवर हाये." हे तिनं तक्रार म्हणून नाही सांगितलं. पिशवीतून तिनं चाफ्याची फुलं काढली, फडक्यात गुंडाळलेली. "कापड काढलं की वाहीन म्हणते. चालंल ना?"

ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती. इतक्या मायेनं त्याच्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं, आईनंही नाही, आणि ती नजर त्याची नव्हती. एक शब्द बोलला नसता तर ती कायमची त्याची झाली असती. माइकवर भारत म्हणत होता, "आदरणीय पाहुणे आलेले हायेत, आपण कार्यक्रमाला सुरुवात करून राह्यलो." कल्याण पायरीवर तिच्या शेजारी बसला. चुनखडीनं त्याची पॅंट पांढरी झाली. "मावशी," तो म्हणाला, "हे तोंड तुमच्या बापाचं न्हाई." ती हसली. "असू द्या हो, थोडंफार इकडंतिकडं." "न्हाई. बिलकुल न्हाई. हे अण्णांचं बी न्हाई, माझं हाये. अन् ते दोघं सारखे दिसत नव्हते. आजीनं ओळखलं होतं." त्याला वाटलं होतं की हे वाक्य संपेपर्यंत काहीतरी कोसळेल. पण शाळेतली मुलं पायावर पाय देऊन उभी होती आणि वर कापड फडफडत होतं. दैवशालाबाईंच्या चेहऱ्यावरून हसू जायला वेळ लागला. "वळखलं व्हतं?" "बघून. नीट बघून. अन् मंग बांगड्या फोडल्या. अण्णा घरामागं गंजीत होते." फुलं तिच्या मांडीवर होती. खाली मान घालून ती फडक्याची गाठ बांधायला लागली, आणि तिच्या बोटांना ती गाठ बसेना. "म्हणजे माझी माय," ती म्हणाली आणि तिथंच थांबली. मग गाठ तशीच सोडून, "जल्मभर तिची दया करत बसली." कल्याणला उठून जावंसं वाटलं, मांडवात, माणसांत, जिथं हसतात तिथं.

"मंग कसा व्हता?" तिनं विचारलं. आवाज कोरडा होता. "तुमच्या आजीनं बघितला म्हणता. मंग सांगा, कसा व्हता माझा बाप." भारत मांडवातून हातवारे करत होता, "काका, चला ना," आणि माइकवरून नाव घेतलं गेलं, कारभारीअण्णांचे नातू आता आपल्याला ती सुप्रसिद्ध गोष्ट सांगतील. टाळ्या वाजल्या. कल्याणनं मांडवाकडे बघितलं नाही. "डाव्या भिवईवर वण होता," तो म्हणाला. "भिवई तिथं तुटली होती. कानात तांब्याची तार." ती त्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून समोर, रस्त्याकडे बघत होती. "पुढचे दोन दात जरा दूर दूर." तिची जीभ ओठांच्या आत हलली. "हनुवटीला मधी खळी." तिनं हात उचलला आणि अंगठा हनुवटीवर ठेवला, आणि अंगठा तिथं बरोबर बसला. सुरकुत्यांत बुजलेली, पण होती. अंगठा तिनं तसाच राहू दिला. माइकवर पुन्हा नाव आलं, आता जरा मोठ्यानं, आणि पुढच्या रांगेतली माणसं वळून पायरीकडे बघायला लागली. वाऱ्यानं कापड आपणच सुटलं आणि चबुतऱ्यावरून घसरून त्या दोघांच्या मागं पडलं. त्यांच्यापैकी कुणी वर बघितलं नाही. "पापण्या लांब होत्या," कल्याण म्हणाला. "पोरीवानी, आजी म्हणायची. त्यावर पाण्याचे थेंब होते." दैवशालाबाईंनी डोळे मिटले आणि बोटाच्या टोकानं स्वतःच्या विरळ पापण्या चाचपून बघितल्या, आधी एका डोळ्याच्या, मग दुसऱ्या.

"अजून सांगा," ती म्हणाली.